राजकन्या व्हायला सावत्र आई लागते

मला सावत्र आई येणार हे कळलं, त्या दिवशी मी गल्लीत पेढे तेवढे वाटले नाहीत. बाकी सगळं केलं. बाबा वीज खात्यात लाइनमन होते. आमच्या सौंसर गावाची लाइट गेली की भर पावसात खांबावर चढायचे, पण घरात दोन शब्द बोलायचे म्हटले की त्यांचे हातपाय गळायचे. त्या दिवशी ते बराच वेळ पकड पुसत बसले आणि म्हणाले, "बेबी, घरी एक बाई येऊन राहिली. तिगावची हाय. तुही नवी आई." मी विचारलं, "सावत्र ना?" बाबांचं तोंड एवढंसं झालं. "हो... म्हणजे लोकं तसंच म्हणतात," ते म्हणाले. "अरे वा!" म्हणून मी जी पळाले ती थेट समोरच्या पिंकीच्या घरात. बाबा पकड हातात धरून तसेच बसले असतील. हे एवढं सांगायला बिचाऱ्यांनी किती दिवस धीर गोळा केला असेल, ते मला आता पन्नाशी उलटल्यावर कळतं.

पिंकीच्या घरी, म्हणजे कमलकाकूंकडे, टीव्ही होता. सुटीच्या सकाळी त्यावर परदेशातली कार्टून लागायची, हिंदीत बोलणारी. गल्लीतली आम्ही सगळी पोट्टी फरशीवर मांडी घालून बसायचो. गोष्ट दर वेळी नवी, पण माणसं तीच ती. सावत्र आई उंच, भुवया कमानीसारख्या, मागे काळा झगा, आणि ती हसली की वीज कडाडायची. मी लाइनमनची पोरगी, मला तिथे एकच प्रश्न पडायचा. एवढी वीज कडाडते, तरी यांच्या महालाची लाइट कशी जात नाही? आमची तर जायची, आणि नेमकी राजपुत्र घोड्यावरून उतरत असताना जायची. मग सगळी पोरं माझ्याकडे अशी पाहायची, जसा काही फ्यूज मीच खिशात घालून आणला होता. आणि ती मुलगी! गोरीपान, पिवळे केस गुडघ्यापर्यंत. दिवसभर झाडायची, भांडी घासायची, राखेत बसून रडायची, पण रडताना तिचं नाक कधी वाहायचं नाही. पाखरं येऊन तिचे कपडे वाळत घालायची. शेवटी सावत्र आईनं दिलेलं विषारी काहीतरी ती खायची, कपाळावर हात ठेवून पडायची, राजपुत्र यायचा, आणि कमलकाकू टीव्ही बंद करून म्हणायच्या, "चला, निघा आता आपापल्या घरी."

आता माझं रूप ऐका. रंग काळा, नाक बसकं, केस कानाच्या वर कापलेले, कारण उवा. त्या सगळ्या कार्टूनमध्ये माझ्यासारखं दिसणारं एकच होतं, चेटकिणीच्या खांद्यावरचा कावळा. हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं. लहान पोरांना सगळं दिसतं, त्यांना कोणी विचारत नाही एवढंच. पण पिंकीनं एक शोध लावला. "पाय ना," ती म्हणाली, "जिले सख्खी आई असते ते पोट्टी कधीच राजकन्या होत नाही. पायली का तू एक तरी?" खरंच, एकही नव्हती. पिंकीला सख्खी आई होती, आणि ती तेव्हा ओसरीत बसून मिरच्यांचे देठ काढत होती. पिंकीनं तिच्याकडे मोठ्या दुःखानं पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "तुह्यं बरं हाय बाप्पा!" आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझा हेवा केला. माझी आई मी फार लहान असताना गेली. तिचा चेहरा मला फोटोतलाच ठाऊक. त्यापायी गल्लीतल्या बाया माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि "बिचारी" म्हणायच्या, आणि मला तो शब्द मनापासून आवडायचा नाही. बिचारी होण्यापेक्षा राजकन्या होणं किती बरं! रूपाच्या पेपरात मी नापास होते, पण दुःखाच्या पेपरात पहिली येण्याची आता पक्की सोय होत होती.

नवी आई टेम्पोतून उतरली तेव्हा पिंकीनं मला असा चिमटा काढला, की मी ओरडलेच. बाई उंच होती! आणि तिच्या सामानात आरशाचं कपाट होतं. सावत्र आई आणि आरसा, आणखी काय पुरावा पाहिजे? ती आरशासमोर उभी राहिली की मी दाराआडून कान लावायची, आरसा काय बोलतो ते ऐकायला. आरसा काही बोलला नाही. तीच एकदा गालाला हात लावून पुटपुटली, "बाई बाई, किती वाळली मी," आणि टिकली नीट करून भाजी फोडणी द्यायला गेली. पुढचं तर अगदीच निराशेचं. ती मला काही छळायलाच तयार नव्हती. गरम पोळीवर तूप आणि गूळ. शाळेतून आले की बेसनाच्या पातोडीची भाजी, आणि वर, "तिखट तं नाही झाली ना बेटा?" दुपारी मला मांडीपाशी बसवून ती एकेक ऊ काढायची, आणि काढताना कधी केस ओढायची नाही. मी साधा पेला उचलला तरी धावत यायची. "राहू दे, मी करतो ना." (आमच्याकडे बायाही 'करतो'च म्हणतात.) बोलायचीही इतकी हळू, की बाबांना दोनदा विचारावं लागायचं. मी दप्तर फेकलं, जेवणाला नावं ठेवली, तिची नवी साडी अंगणातल्या कुत्र्याच्या पिल्लाला अंथरून दिली. ती लाल झाली, स्वयंपाकघरात गेली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि परत येऊन म्हणाली, "काही नाही होत." अशानं मी राजकन्या कधी व्हायची?

मग मीच कामाला लागले. सकाळी नळ यायच्या वेळी सगळ्या बाया गुंड-घागरी घेऊन गल्लीत असत. मी बरोबर तेव्हाच फाटका फ्रॉक घालायची, गालांना चुलीतली राख लावायची, डोक्यावर पिवळी ओढणी बांधायची (हे केस), आणि दारासमोर झाडायला लागायची. मधेच थांबून आभाळाकडे पाहत उसासा टाकायची. पाखरांनाही हाका मारायची. कार्टूनमध्ये निळी पाखरं यायची, आमच्याकडे कावळे आले आणि कमलकाकूंच्या वाळत टाकलेल्या कुरडया घेऊन गेले. नवी आई मला पाहून धावत बाहेर यायची. "दे ना बेटा झाडू, लोकं पायतात," असं कुजबुजत झाडू ओढायची, मी सोडायची नाही, आणि आमची ती ओढाओढ लांबून पाहणाऱ्याला अशी दिसायची, की बाई पोरीच्या हातात जबरदस्तीनं झाडू कोंबून राहिली. "पाय वं माय," नळावरून आवाज यायचा, "थोबाडाले राख लागली पोरीच्या. सावत्र ते सावत्रच." माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. सगळं कसं गोष्टीसारखं चाललं होतं!

आता वाटतं, मी निदान कार्टून पाहून तरी बिघडले होते. कमलकाकूंनी तर आमच्यासोबत बसून एकही पुरतं पाहिलं नव्हतं, तरी त्यांना सगळी गोष्ट तोंडपाठ होती. सावत्र आई कशी असते, हे त्यांना नवी आई टेम्पोतून उतरण्याआधीच ठाऊक होतं. माझी नात हल्ली मोबाइलवर बघते. तिच्या राजकन्येचे केस कापलेले असतात, ती तलवारही चालवते, पण सावत्र आई मात्र अजून तीच. झगा तेवढा भारी झाला. मी नातीला म्हटलं, "अगं, माझी सावत्र आई पातोडी करायची." तर ती म्हणते, "मग ती खोटी सावत्र असेल." घ्या!

तर गल्लीत काय झालं, की नवी आई नळावर गेली की बाया गप्प व्हायच्या. तिची घागर सगळ्यांच्या शेवटी लागायची. मग तिनं नळावर जाणंच सोडलं, बाबा पाणी भरू लागले. आणि कोणीतरी रामाकोन्याला निरोप धाडला. तिथे माझा सख्खा मामा राहायचा, गेलेल्या आईचा भाऊ. मामानं उलट निरोप दिला, 'मी येऊन राहिलो पोरीले न्यायला, कायमची.' तो निरोप ऐकून बाबा ओसरीत डोकं धरून बसले. मी दाराआडून ऐकत होते, ती माझी जागाच होती. बाबा म्हणाले, "पोरगी गेली तं मी काय करू वं?" आणि नवी आई हळूच म्हणाली, "पोरीनं कावून घर सोडावं? सोडाचंच असंन तं मी जातो तिगावले. पण एकदा आपल्या घरी भुलाबाई होऊ द्या. गल्लीतल्या पोरी येतीन, माह्या हातचं खातीन. खाल्लं तं समजीन, की या गल्लीनं मले घेतलं. नाही खाल्लं तं मी समजलो."

कार्टूनमध्ये हा भाग कुठेच नव्हता. तिथे राजकन्या घोड्यावर बसून गेली की गोष्ट संपायची, मागे राहिलेल्या बाईचं काय होतं ते कोणी विचारायचं नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा विचार केला, की ही गेली तर माझ्या उवा कोण काढणार. विचार उवांचाच होता, मोठा काही नव्हता. पण मला रडू आलं.

भुलाबाई आमच्याकडे पोरींचा सण. मातीच्या भुलाबाई आणि भुलोजी मांडायचे, घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणायची (त्या गाण्यांतही सासू दुष्ट, नणंद दुष्ट, म्हणजे आमचं शिक्षण सगळीकडून चालू होतं), आणि शेवटी खिरापत. खिरापत डब्यात झाकून आणतात, घरची बाई डबा कानाशी वाजवते, आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. ओळखलं की आरडाओरडा, नाही ओळखलं तर त्याहून जास्त. नवी आई त्या दिवशी सकाळपासून चुलीपाशी होती. घरभर गुळाच्या पाकाचा वास सुटला होता. पाक पाण्यात टाकून पाहायची, बोटानं दाबायची, पुन्हा चुलीवर ठेवायची. पाक जरा जास्तच कडक झाला, पण ते तिला बोलायला कोण जाणार.

संध्याकाळी मामा आला. मोपेडवर, मांडीवर संत्र्यांची थैली घेऊन. मिशा अशा, की लांबून आधी त्याच दिसायच्या. राजपुत्र म्हणावा असा काही तो नव्हता. अंगणातल्या बाजेवर बसला आणि घरात न पाहता म्हणाला, "त्या बाईले सांगा, चहा नको. पोरीचे कपडे बांधा." बाबा घरी नव्हते, कुठेशी तार तुटली म्हणून खांबावर होते. तेवढ्यात पोरी आल्या, आणि त्यांच्या मागे कमलकाकू आणि गल्लीतल्या बाया, काय होतं ते पाहायला. गाणी झाली, पण टिपऱ्यांना जोर नव्हता. नवी आई डबा घेऊन बाहेर आली. डोक्यावर पदर आणि चेहऱ्यावर हसू. तिनं डबा वाजवला. आतून धडधड आवाज आला. "ओळखा ना वं," ती म्हणाली. पोरी टिपऱ्यांकडे पाहत बसल्या. तिनं पुन्हा वाजवला. शेवटी पिंकीनं खाली मान घालून सांगून टाकलं, "माही आई म्हणे, तिथं काही खाजो नको." कमलकाकू आभाळाकडे पाहू लागल्या. नव्या आईनं झाकण काढलं, कुणाला तरी घ्यावंसं वाटेल म्हणून डबा पुढे केला, आणि तशीच उभी राहिली.

देवाशप्पथ, मी तिला मदत करायलाच पुढे झाले. लाडू घेतला, मुरमुऱ्याचा, चांगला मोठा, आणि अर्धा तोंडात कोंबला. सगळं अंगण माझ्याकडे पाहत होतं. पोरी, बाया, मामा, भुलाबाई, भुलोजी. आणि काय सांगू तुम्हाला! सावत्र आई समोर, तिनं दिलेला लाडू तोंडात, आणि एवढी माणसं बघायला. माझा हात आपोआप कपाळावर गेला. मी सतरंजी कुठवर आहे ते एकदा पाहून घेतलं, आणि मागच्या मागे पडले.

"मेली वं माय! पोरगी मेली!" कमलकाकूंनी असा हंबरडा फोडला, की शेजारची कोंबडी उडाली. "जहर घातलं! मी म्हणत नव्हतो?" मामा उठला तशी बाज उलटली. कोणी कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला, कोणी चप्पल धरली. "धावा रे, लाइनमनले बोलवा!" मी डोळे मिटून पडले होते. सुरुवातीला फार छान वाटलं. मग नवी आई माझ्यापाशी बसली. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, आणि माझ्या तोंडावर टपटप पाणी पडायला लागलं. "माह्या लाडूत काही नाही हो," ती म्हणत होती, "मी खाऊन दाखवतो, पाहा, मी खातो," आणि लाडूमागून लाडू तोंडात कोंबत होती, रडत होती, आणि तिला धड गिळताही येत नव्हतं. तेव्हा मी खरी घाबरले. हे खेळातलं राहिलं नव्हतं. पण उठायचं कसं? कार्टूनमध्ये राजपुत्र येतो तेव्हा उठतात. इथे कांदा घेतलेला मामा होता. तेवढ्यात तोंडातला गूळ विरघळू लागला. माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं, असं पाणी सुटलं, की मी खूप आवरलं आणि मग आवरलं नाही.

कुर्रम.

पाक खरंच कडक झाला होता, आवाज पार बाजेपर्यंत गेला. मामानं कांदा खाली केला. "मेलेलं माणूस चावते का बे?" तो म्हणाला.

मी एक डोळा उघडला. वर तिचा चेहरा होता, गालांवर ओघळ, ओठांना मुरमुरे. आधी ती नुसती पाहत राहिली. मग तिनं मला बखोटीला धरून उभं केलं, आणि माझ्या पाठीत असा धपाटा हाणला, की उरलेला लाडू बाहेर आला. आणि आवाज! तिगावला तिचं माहेर रुळाच्या कडेला होतं, गाडी जात असताना बोलायचं म्हणजे गाडीच्या वर बोलावं लागायचं, आणि तो सगळा आवाज तिनं आमच्या घरी येताना कुठेतरी बांधून ठेवला होता. तो सुटला. "अवं भवाने! माह्या जिवाचं पाणी पाणी झालं अन् तू चावून राहिली? सकाळपासून चुलीसमोर मरून राहिलो मी! थोबाडाले राख फासते, गल्लीभर झाडू घेऊन फिरते, माही साडी कुत्र्याले अंथरते! थांब, आज तुह्या टंगड्याच तोडतो!"

मी पळाले. ती मागे. भुलाबाईला एक फेरा, बाजेला एक फेरा. मामानं दोन्ही हात पसरले, "ये बेटा, इकडे ये, मी हाओ ना." म्हणजे सुटका अगदी समोर उभी होती, मिशांसकट. मी त्याच्या काखेखालून निसटले, गर्रकन वळले, आणि जी मारायला येत होती तिच्याच साडीत तोंड खुपसलं. तिच्या पायांना मिठी मारून मी रडले, आणि माझं नाक भडाभडा वाहत होतं. तिचा हात वर गेला होता. तो माझ्या डोक्यावर येऊन बसला, आणि तीही भोकाड पसरून रडायला लागली. पोरांना मारावं असं माझं मुळीच म्हणणं नाही, माझ्या पोरांना मी कधी बोट लावलं नाही. पण तो धपाटा माझ्याकडून कोणी परत मागितला तर मी देणार नाही.

मामा हात पसरून तसाच उभा होता. मग त्यानं बाज सरळ केली, पुन्हा बसला, आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "ताई, आता ठेवा चहा." आणि डब्यातला एक लाडू उचलला. ते पाहून पिंकीला राहवलं नाही. "मुरमुऱ्याचा लाडू!" ती जोरात ओरडली, जसं काही तिनंच ओळखलं. मग सगळ्याच ओरडल्या आणि डब्यावर पडल्या. कमलकाकूंनी दोन लाडू पदरात बांधले आणि म्हणाल्या, "पाक थोडा कच्चा उतरवत जाय बाई, दात पडतीन." बाबा कंबरेचा पट्टासुद्धा न सोडता धापा टाकत आले, तर अख्खं अंगण कुर्रम कुर्रम खात होतं. "कोण मेलं?" त्यांनी विचारलं. "कोणीच नाही, भाऊजी," मामा म्हणाला. "बसा. लाडू खा."

मामा गेल्यावर ती माझ्या पाठीला तेल लावत होती. मी विचारलं, "तू पहिले कावून नाही मारलं?" तिनं हातावर आणखी तेल घेतलं. मग म्हणाली, "भेव वाटे वं. माह्या माहेरच्यांनी सांगून धाडलं होतं, पोरीवर आवाज चढवजो नको, तू सावत्र हाय. मी नुसती जोरानं हाक मारली असती तरी गल्ली बाहेर आली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला टाळाटाळ करत होते. नळ आला होता, सगळ्या बाया बाहेर होत्या. "बेबे! येते का येऊ मी?" ती अशी गरजली, की भिंतीवरची पाल खाली पडली. मी घाबरून दाराकडे धावले, आता सगळ्या धावून येतील म्हणून. कमलकाकू आमच्या दारासमोरच नळावर होत्या. त्यांनी मान वर केली नाही, घागर भरून कंबरेवर घेतली आणि घरी गेल्या.